सिंधूअक्कांचं बिनतारी कार्ड

धारवाडात माझं वकिलीचं ऑफिस ज्या इमारतीत होतं, तिच्या वरच्या मजल्यावर एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. वीस वर्षं मी माझ्या पक्षकारांची दुःखं बावीस टाइपरायटरांच्या खडखडाटाखाली ऐकली. नवा पक्षकार आला की पाच मिनिटांत दचकून छताकडे बघायचा. मग मी त्याला सांगायचो की घाबरू नका, वर सिंधूअक्का आहेत. बहुतेकांना तेवढं पुरायचं, कारण गावातल्या निम्म्या सरकारी कारकुनांची बोटं अक्कांनीच वळवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना 'तू नापास होणार' असं तोंडावर सांगून ठेवलं होतं.

बाहेरच्या पाटीवर नाव त्यांच्या वडिलांचं होतं. अक्कांचं नाव सिंधू इनामदार, पण ते फक्त लाइट बिलावर यायचं. उंची बेताची, अंगावर इरकल साडी, आणि पाठ अशी ताठ की खुर्चीला मागची पाठ कशासाठी असते हे त्यांना ठाऊक नसावं. हातात कायम एक लाकडी पट्टी. ती कुणाला मारायला नव्हती. टेबलावर तिचा ठेका धरून त्या सगळ्या हॉलला एका तालात टाइप करायला लावायच्या, आणि त्या ठेक्यात कुणाचं बोट चुकलं की पाठ वळलेली असूनही त्यांना ते कळायचं. "बोटं बघू नका, ओळ बघा," हे दिवसातून पन्नासदा व्हायचं, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात.

दुसरं पालुपद होतं, 'मोदल ओद्री', म्हणजे आधी वाचा. परीक्षेचा फॉर्म घेऊन कुणी विचारायला आलं, की मोदल ओद्री. मुलाच्या मुंजीची पत्रिका घेऊन गेलो आणि 'अक्का, गुरुवारी यायचं हं' असं मी म्हणालो, तर तिथेही मोदल ओद्री. पत्रिकेत शुक्रवार छापलेला होता आणि मुहूर्तही शुक्रवारचाच होता. चूक माझीच होती, आणि ती माझ्या बायकोसमोर निघाली.

अक्कांचं वाचणंही आपल्यासारखं नव्हतं. टाइप केल्याशिवाय आपल्याला वाचल्यासारखं वाटत नाही, असं त्या सांगायच्या. बँकेचं पत्र असो की पंचांगातलं भविष्य, महत्त्वाचं काही आलं की मशीनवर कागद चढवून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून काढायचं, मग त्यावर विचार करायचा. मला ही एक खोड वाटायची. एकदा माझा टायपिस्ट आजारी पडला आणि सतरा पानांचा एक दावा मी वर पाठवला. मी तो स्वतः लिहिला होता, चारदा तपासला होता, आणि मला त्याचा जरा अभिमानही होता. तासाभराने अक्का स्वतः जिना उतरून आल्या.

"वकीलरे, तुमचा माणूस एकाच सकाळी पान तीनवर बेळगावात आहे आणि पान अकरावर अमरगोळच्या मार्केटात शेंगा विकतोय. कुठला ठेवू?"

पक्षकार माझ्यासमोरच बसला होता. त्याने आधी अक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला की बाईंना वकीलपत्र देता येतं का. तेव्हापासून अक्कांच्या मशीनवरून गेल्याशिवाय माझा एकही महत्त्वाचा कागद कोर्टात गेला नाही.

नव्वदच्या दशकात गावात कॉम्प्युटर क्लास निघाले. काचेची दारं, थंड हवा, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. अक्का एकदा मुद्दाम बघून आल्या. सगळं बरं आहे, फक्त तीर्थ देत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. पण त्या चपला हळूहळू आमच्या जिन्यावरूनच तिकडे गेल्या. बावीस मशिनींपैकी आठ चालायला लागल्या. माझ्या डोक्यावरचा आवाज कमी झाला आणि पक्षकार दचकेनासे झाले. खरं सांगायचं तर मला करमेनासं झालं.

उरल्या त्या मुख्यतः अळणावरकडच्या पोरी. सकाळच्या पॅसेंजरने यायच्या, दुपारच्या गाडीने परत जायच्या. कुणाचे वडील लाकडाच्या डेपोत, कुणाचे शेतावर. मराठी घरात, कन्नड बाहेर, आणि इंग्रजी फक्त टाइप करण्यापुरतं. त्यातली रेणुका नावाची एक मुलगी फार वेगवान होती. अक्का तिचं तोंडावर कधी कौतुक करत नसत. माझ्याकडे येऊन करत, आणि वर मलाच बजावत की तिला सांगायचं नाही.

पुढे, दोन हजार साल उलटून गेल्यावर, बातमी आली की टायपिंगच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होणार. ज्या इन्स्टिट्यूटमध्ये जोडलेले कॉम्प्युटर असतील आणि पेपर पाठवण्यासाठी वेगळी बंद खोली असेल, तिथेच केंद्र मिळणार. प्रमुख कॉम्प्युटर त्या खोलीत राहणार, आणि पेपर तिथून ठरल्या मिनिटाला हॉलमधल्या सगळ्यांच्या पडद्यावर सुटणार. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्या मुलांनी बेळगावला जायचं. रेणुकाच्या वडिलांनी घरात सांगून टाकलं की धारवाडपर्यंत ठीक आहे, पोरगी दुपारी घरी असते, बेळगावचं काही जमायचं नाही. तिच्याबरोबर परीक्षेला बसणाऱ्या बाकी चौघींच्या घरी यापेक्षा वेगळं काही बोललं गेलं नाही.

अक्का माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "केंद्र गेलं की या पाची जणी घरात बसतील बघा. बोटं तयार आहेत यांची. नुसती भाकरी थापायला लागतील."

अक्कांनी कॉम्प्युटर घेतले, शिकल्या आणि शिकवायलाही लागल्या. त्यांना अडवलं ते भिंतीने, आणि त्या भिंतीचा गुन्हेगार मी होतो.

आमच्या इमारतीचे मालक चन्नप्पाण्णा. त्यांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा वाटणीचा दावा चालू होता, आणि चन्नप्पाण्णांचा वकील मी. अक्कांचा हॉल एकाच्या वाट्याचा, बाजूची त्यांच्याच वापरातली छोटी खोली दुसरा आपली म्हणत होता, आणि मधली दोन हात जाडीची दगडी भिंत दोघांनाही हवी होती. मी मोठ्या हुशारीने कोर्टाकडून 'जैसे थे'चा हुकूम मिळवला होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत भिंतीला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, गॅलरीतून तार न्यायची नाही. कोर्टाने नेमलेला कमिशनर येऊन असलेले खिळेसुद्धा मोजून गेला होता. तो हुकूम मिळाला त्या दिवशी मी पेढे वाटले होते आणि अक्कांनी दोन खाल्ले होते.

आता हॉलमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले, पण छोट्या खोलीतून तार आणायला वाट नाही. मी चन्नप्पाण्णांना विचारलं. ते म्हणाले की एवढंसं भोक पाडलं तरी चुलतभाऊ उद्या कोर्टात फोटो घेऊन उभा राहील. आणि मी ज्या तऱ्हेचा वकील आहे, चुलतभावाच्या बाजूने असतो तर मीही तेच केलं असतं.

अक्कांनी यातून वाट काढली ती बिनतारी. छोट्या खोलीत त्यांच्या भाच्याने दिलेला एक जुना लॅपटॉप, हॉलमध्ये शेल्फवर एक बिनतारी डबा, आणि दोघांचं बोलणं हवेतून. लॅपटॉपच्या पोटात त्यासाठी एक कार्ड होतं. फक्त ते चालायला हवं होतं.

ते सहज चाललंही असतं, पण अक्कांनी नेहमीच्या सिस्टीमऐवजी लिनक्स घेतलं होतं. त्याचीही एक गोष्ट आहे. हुबळीचा कॉम्प्युटरवाला त्यांना नेहमीची सिस्टीम फुकट टाकून देत होता, हाताने नाव लिहिलेल्या सीडीवरून. अक्कांनी त्याला पावती मागितली. तो हसला आणि म्हणाला की अक्का, सगळेच असं वापरतात. अक्का म्हणाल्या की सरकारी परीक्षा चोरीच्या सीडीवर घ्यायची, आणि आत लिहायला काय द्यायचं, 'प्रामाणिकपणाचे महत्त्व'? मग त्यांना कुठल्याशा मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी मिळाली. तिच्यावर छापलं होतं की ही कुणीही घ्या, कुणालाही द्या, उघडून आत बघा. अक्कांनी तो सबंध परवाना टाइप करून काढला आणि माझ्याकडे आणला. यात कुठे गोम आहे का बघा म्हणाल्या. मी शोधून शोधून थकलो. आयुष्यात मी वाचलेला तो एकमेव कागद असेल ज्यात समोरच्याला जास्तीत जास्त देण्यासाठी वकिलाने डोकं चालवलं होतं.

परवान्यात गोम नव्हती, ती कार्डात निघाली. लिनक्सला ते कार्ड ओळखता येत होतं, पण चालवता येत नव्हतं. मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी अक्का येऊन सांगायच्याच, कारण ऐकायला खाली मीच होतो.

"हे बघा, ड्रायव्हर म्हणजे टायपिस्ट. तो आहे, खुर्चीवर येऊन बसलाय पण. आता फर्मवेअर म्हणजे त्याचा सकाळचा चहा. तो पोटात गेल्याशिवाय हा बोट उचलत नाही. आणि आमच्या घरचा चहा याला चालत नाही हो, त्याच्या कंपनीचाच लागतो."

हा चहा आणायला अक्का हुबळीच्या सायबर कॅफेत चारदा गेल्या. पहिल्यांदा फाइल फ्लॉपीत मावली नाही. दुसऱ्यांदा ती सीडीवर घातली आणि धक्का लागू नये म्हणून सीडी स्टीलच्या डब्यात, चपात्यांच्या फडक्यात गुंडाळून आणली. घरी आल्यावर कळलं की या ड्रायव्हरला या नंबरची नव्हे, आधीच्या नंबरची फाइल हवी. तिसऱ्यांदा वीज गेली. अक्का एकदाही वैतागल्या नाहीत. दर वेळी जाताना उणकलच्या तळ्यावर वारा छान लागतो, एवढंच सांगायच्या.

याच काळात त्या परदेशी लोकांशी पत्रव्यवहार करायला लागल्या. लिनक्सवाल्यांची एक मेलिंग लिस्ट होती, जिथे अडचण लिहिली की जगातून कुणीही उत्तर देतं. तिथली मंडळी तुटक, अर्ध्या शब्दांत लिहायची. अक्कांनी तिथे तारीख, विषय, संदर्भ आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी यांसह रीतसर अर्ज पाठवला. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती' या धाटणीचं अस्सल सरकारी इंग्रजी. तिकडून कुणीतरी एका ओळीत उत्तर दिलं, 'आर. टी. एफ. एम.' अक्कांनी त्याचा अर्थ 'रीड द फुल मॅन्युअल' असा लावला आणि त्या भलत्याच खूश झाल्या. "बघा, परक्या देशातला माणूस, पण शिस्त बघा. मोदल ओद्री म्हणतोय की तो पण." त्यांनी ती चार अक्षरं ठळक टाइप करून हॉलमध्ये लावली. त्यातल्या तिसऱ्या अक्षराचा खरा, शिवराळ अर्थ मला भाच्याकडून कळला, पण तो अक्कांना सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती.

मॅन्युअल मात्र त्यांनी खरंच पूर्ण वाचलं, म्हणजे टाइप केलं. मग लिस्टवर दुसरा अर्ज गेला, त्यात कुठल्या पानावर काय लिहिलंय आणि आपल्याकडे काय होतंय याचे मुद्दे एकापुढे एक. आता मात्र चार देशांतून उत्तरं आली. एकाने तर 'आदरणीय मॅडम' अशी सुरुवात करून चक्क परिच्छेद पाडून लिहिलं होतं. बरोबर नंबरची फाइल कुठे मिळेल आणि कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची हे त्याने सांगितलं. अक्का चौथ्यांदा हुबळीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर एकदम आठ-दहा पोरींचा गलका झाला आणि अक्का जिन्यावरून खाली आल्या. त्यांना पळताना मी तेव्हाच बघितलं.

"गेलं, वकीलरे. छोट्या खोलीतून हॉलमध्ये पान गेलं. भिंतीला कळलं पण नाही."

मी त्यांचं अभिनंदन केलं, आणि त्या गेल्यावर कपाटातून 'जैसे थे'चा हुकूम काढून तीनदा वाचला. भोक, खिळा, तार, सगळं होतं. लहरींबद्दल कोर्ट काही बोललं नव्हतं.

तपासणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. आमच्या भागात खंडेनवमीला आयुधपूजा होते, आणि अक्कांकडे ती जोरात व्हायची. सगळ्या टाइपरायटरांना तेलपाणी, गंध, कुंकू, झेंडूची फुलं. पूजेचा दिवस यंत्रांच्या विश्रांतीचा, त्या दिवशी कळ दाबायची नाही. टाइपरायटरला कुंकू लावायची त्यांची जागा ठरलेली होती, पुढच्या पट्टीवर, जिथे कंपनीचं नाव असतं. ते यंत्राचं कपाळ, असं त्या म्हणायच्या. त्या वर्षी कॉम्प्युटरांनाही कुंकू लागलं, आणि लॅपटॉपला सगळ्यात ठसठशीत. चार महिने छळून अखेर शहाण्यासारखा वागायला लागला होता ना तो. त्याचं कपाळ अक्कांनी त्याच्या पुढच्या कडेवर शोधलं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने सगळी यंत्रं स्वतः पुसली, चालू केली, आणि कार्ड मेलेलं निघालं. डब्याचा दिवा लागलेला, लॅपटॉप सुरू, पण दोघांची ओळखदेख नाही. तपासणी दुसऱ्या दिवशी अकराला.

सणाचा दिवस, त्यामुळे बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला सकाळपासून माणसं येत होती. 'बन्नी तगोंड बंगारधांग इरोण,' पान घेऊन सोन्यासारखं राहू या, असं म्हणत प्रत्येक जण अक्कांच्या हातावर पान ठेवायचा आणि लगेच लॅपटॉपबद्दल सल्ला द्यायचा. हुबळीचा कॉम्प्युटरवाला म्हणाला की सगळं पुसून आपली नेहमीची सिस्टीम टाकू, तासाचं काम आहे. इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर म्हणाले की कार्ड जळलंय. भाच्याने फोनवर सांगितलं की लिनक्स पुन्हा पहिल्यापासून चढव. चन्नप्पाण्णा म्हणाले की यंत्राला विश्रांतीचा दिवस दिला तो त्याला आवडलेला दिसतोय. मला मात्र आठवत होतं की हे सगळं माझ्या पेढ्यांपासून सुरू झालंय.

पाची पोरी तिथेच होत्या. सण असूनही अळणावरहून आल्या होत्या, उद्यासाठी हॉल आवरायला. रेणुका उगाच एकच खिडकी पुन्हा पुन्हा पुसत होती.

अक्कांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणालाच लॅपटॉपला हात लावू दिला नाही. मग त्यांनी एक कळ दाबून पडद्यावर त्याची सकाळपासूनची नोंदवही उघडली. लिनक्स सुरू होताना काय काय केलं ते ओळीने लिहून ठेवतं, दोन-तीनशे ओळी सहज असतात. इंजिनिअरिंगच्या सरांनी त्या वरून खाली अर्ध्या मिनिटात सरकवून बघितल्या होत्या. अक्कांनी वडिलांचा जुना टाइपरायटर शेजारी ओढला, कागद चढवला, आणि पहिल्या ओळीपासून टाइप करायला घेतलं.

मी जेवून चारच्या सुमारास वर गेलो तेव्हा तिसरं पान चाललं होतं. मशीनचा ठेका सरळ, न अडखळता. आणि मग एका ओळीच्या मध्यात तो थांबला. मी वीस वर्षं खाली बसून ऐकत आलो होतो, अक्कांचं मशीन ओळीच्या मध्ये थांबलेलं मला आठवत नाही.

त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. इंग्रजी होती, अर्थ असा की रेडिओचा किल स्विच लागलेला आहे, बिनतारी चालायला हवं असेल तर तो बंद करावा लागेल.

"वकीलरे, याला स्विच आहे म्हणतोय हा. सकाळपासून सांगतोय बिचारा."

पुन्हा मॅन्युअल. या वेळी लॅपटॉपचं, तेही बांधून ठेवलेलं. पान चौदावर चित्र निघालं, पुढच्या कडेवर नखाएवढी सरकती कळ. अक्कांनी चष्मा कपाळावर ढकलला, लॅपटॉप उचलून नाकाशी धरला आणि खुदकन हसल्या. कडेच्या त्या बारीक खाचेत तेलात कालवलेलं कुंकू गच्च भरलं होतं. आत कळ आहे हे बाहेरून कळायची सोय नव्हती. सकाळी फडक्याने कपाळ पुसताना ती सरकली होती आणि बिनतारी बंद पडलं होतं. एवढ्या मोठ्या मंडळींना न सापडलेला दोष अक्कांच्याच हातचा होता, तोही पूजेत झालेला.

टाइपरायटरचे खिळे साफ करायचा राठ ब्रश त्यांनी आणला, खाच मोकळी केली आणि नखाने कळ सरकवली. कडेला एक हिरवा दिवा लुकलुकला. रेणुकाने हॉलमधून ओरडून सांगितलं की आलं, अक्का, पान आलं. बाकीच्या चौघी रडत होत्या की हसत होत्या हे मला नीट सांगता येणार नाही. माझेही डोळे भरून आले होते, आणि मी त्याचं खापर कुंकवाच्या धुळीवर फोडलं.

अक्का मात्र आधी मशीनकडे गेल्या. अर्धी राहिलेली ओळ त्यांनी पुरी केली आणि मगच कागद काढला.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, तरुण गृहस्थ. त्यांनी छोट्या खोलीचं दार लावून घेतलं, पेपर सोडला, हॉलमध्ये येऊन प्रत्येक पडदा बघितला. मग गॅलरीत जाऊन खाली-वर तार शोधली. ती सापडेना तेव्हा त्यांनी भिंतीवर हात फिरवला. सगळ्या सॉफ्टवेअरची कागदपत्रं मागितल्यावर अक्कांनी टाइप केलेला परवाना पुढे ठेवला. जाता जाता साहेबांची नजर हॉलमधल्या त्या चार अक्षरांवर गेली आणि त्यांना ठसका लागला. हे काय, असं त्यांनी विचारलं. अक्कांनी शांतपणे अर्थ सांगितला. साहेब माझ्याकडे बघायला लागले आणि मी खिडकीबाहेर. फार उत्तम तत्त्व आहे, असं म्हणून त्यांनी शेऱ्याखाली सही केली.

केंद्र मिळालं. पाची जणी परीक्षेला बसल्या आणि पाची जणी पास झाल्या. डोक्यावरची वर्दळ पुन्हा वाढली, फक्त आता आवाज पावलांचा यायचा. दोन वर्षांनी चन्नप्पाण्णांची आणि चुलतभावाची तडजोड झाली. चन्नप्पाण्णा मोठ्या मनाने वर गेले आणि म्हणाले की अक्का, आता हवं तेवढं मोठं भोक पाडा. अक्का म्हणाल्या की कशाला, चांगल्या भिंतीचं नुकसान. 'आत् बिड्री,' असू द्या तर मग, असं म्हणत ते जरा हिरमुसले होऊन खाली आले.

पुढे गुडघे दुखायला लागले तसं अक्कांनी इन्स्टिट्यूट रेणुकाच्या हाती सोपवली आणि त्या उणकलला भाच्याच्या नव्या घरी राहायला गेल्या. रेणुकाचं तोवर लग्न झालं होतं आणि ती धारवाडातच राहायची. तिचे वडील अळणावरहून आले की खाली माझ्याकडे बसून जायचे, आणि आमची पोरगी इथली साहेब आहे हे दर खेपेला नव्याने सांगायचे.

अक्कांना मी शेवटचं बघितलं ते एका परीक्षेच्या दिवशी. ते शेवटचं ठरणार हे तेव्हा ठाऊक नव्हतं. बसने एकट्याच आल्या होत्या, हातात छत्री. चला वर, पोरी कशा टाइप करतायत बघू, म्हणून मला उठवून घेऊन गेल्या. जिना चढताना दोनदा थांबल्या. हॉलच्या दारात रेणुका यादी घेऊन उभी होती. तिने वाकून अक्कांना नमस्कार केला, छत्री हातातून घेतली आणि गॅलरीतल्या बाकाला टेकवून ठेवली. अक्का आत जायला निघाल्या तशी ती दारात आडवी झाली.

"अक्का, आत नाही येता येणार तुम्हाला. यादीत नाव नाही तुमचं."

"माझं?"

"नियम आहे की. बसा इथं बाकावर. पेपर संपला की चहा पिऊया."

आणि तिने दार लावून घेतलं. हळूच, पण लावलं. मला ते लागलं. त्या दारावरची पाटी कुणाच्या वडिलांच्या नावाची आहे, असं काहीतरी मी बोलणार होतो. अक्का बंद दाराकडे क्षणभर बघत राहिल्या आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कार्ड चाललं त्या दिवशीही बघितला नव्हता.

"बघितलं का, वकीलरे? मला बाहेर काढलं तिनं."

माझी कोर्टाची वेळ झाली होती, म्हणून मी निघालो. जिन्याच्या वरच्याच पायरीवर चन्नप्पाण्णा भेटले. अक्का आल्याचं कळून ते मोठ्याने बोलतच वर चालले होते. गॅलरीत अक्कांना बाहेर बसलेलं बघून ते म्हणाले की हे काय, तुमच्याच जागेत तुम्ही परक्यासारख्या बाहेर कशा? अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"सुम्न कूडरी," त्या कुजबुजल्या. गप बसा. "आत परीक्षा चाललीय. आमच्या मॅडम रागावतील."

इमारतीचे मालक मुकाट्याने त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मी जिन्यावरून वळून बघितलं तेव्हा दोघंही बंद दाराकडे तोंड करून बसले होते, अक्का नेहमीसारख्या ताठ, पेपर संपायची वाट बघत.